डोळ्यांखालच्या लिंबू-सोड्याबद्दल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या गुरुवारी तुमच्या पुरवणीच्या शेवटच्या पानावर एक चौकट आली होती. डोळ्यांखालची काळी वर्तुळं आठ दिवसांत घालवा. अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर खायचा सोडा, वीस मिनिटं ठेवा, मग चोळून धुवा. शनिवारी सकाळी पार्लर उघडून मी देवापुढं दिवा लावत होते, तेवढ्यात कॉलेजला जाणारी एक पोरगी तोंडाला स्कार्फ गुंडाळून आत आली. स्कार्फ काढला तर दोन्ही डोळ्यांखाली लालभडक पट्टे, डावीकडं तर साल निघालेली. तुमच्या चौकटीचा फोटो तिनं मोबाईलमध्ये जपून ठेवला होता. "पेपरात आलंय म्हणून लावलं ओ अक्का," म्हणाली. बुधवारी तिच्या बहिणीचा साखरपुडा होता.

मी तिला पार्लरमधलं काहीही लावलं नाही. गार पाण्याच्या घड्या ठेवल्या, साधी पेट्रोलियम जेली बोटभर कागदात बांधून दिली आणि स्किनच्या डॉक्टरांकडं पाठवलं. रस डोळ्यात गेला नव्हता, तेवढं नशीब.

माझं पार्लर साखर पेठेत आहे, सत्तावीस वर्षं झाली. आयटीआयचा एक वर्षाचा कोर्स केला, त्या जोरावर सुरू केलं. तेव्हा या धंद्यात येणाऱ्या निम्म्या बायका तेवढाही करत नव्हत्या आणि आजही कुणी विचारत नाही. शॉप ॲक्टचा कागद भिंतीला लावला की पार्लर सुरू. म्हणून हे पत्र वाचताना मी शहाणी आणि बाकीचे वेडे, असं कृपया समजू नका. माझ्या हातून काय झालं तेही पुढं लिहिणार आहे.

आधी लिंबाचं सांगते. आंबटपणाचं एक माप असतं, पीएच. लिंबाचा रस २ च्या आसपास, आपली त्वचा ५ च्या आसपास. सोडा टाकला की रसाला फेस येतो आणि लोकांना वाटतं, आता औषध कामाला लागलं. चिमूटभर सोड्यानं अर्ध्या लिंबाचा आंबटपणा जात नाही. वर न विरघळलेले सोड्याचे कण चोळताना त्वचा खरवडतात. आणि लिंबू लावलेला चेहरा घेऊन बाई बाहेर पडली तर? एप्रिल महिना आहे, सोलापूर आहे. लिंबाच्या जागी ऊन लागलं की भाजल्यासारखं होतं आणि मागं डाग उरतो तो आधीच्या काळेपणापेक्षा गडद.

पापणीची त्वचा अंगावरची सगळ्यात पातळ. साधारण अर्धा मिलिमीटर. खाली चरबीचा थर नाही, तेलाच्या ग्रंथी थोड्या. त्वचा संपली की लगेच डोळा मिटणारा गोल स्नायू, आणि तो मिनिटाला पंधरा-वीस वेळा काम करतो. आपल्या गावात हे समजावणं सोपं जातं. मी गिऱ्हाइकाला सांगते, टाच म्हणजे सोलापुरी चादर आणि पापणी म्हणजे मलमल. चादर धोंड्यावर आपटून धुतली तरी वीस वर्षं टिकते. मलमल तशी धुवून बघा.

टॉवेलबद्दलही एक सांगायचंय, गावाचा रोष पत्करून. सोलापूरच्या टॉवेलला जीआय मानांकन आहे, माझे सासरे जन्मभर मागावर उभे राहिले, मला त्याचा अभिमानच आहे. पण आंघोळीनंतर त्या टॉवेलनं डोळे खसाखसा पुसायची आपल्याकडची सवय फार वाईट. टॉवेल टेकवायचा, पाणी त्याला आपोआप पिऊ द्यायचं. रोजच्या चोळण्यानंही डोळ्यांभोवती काळं पडतं, हे पंचविशीतल्या पोरींना सांगून पटत नाही.

आता काळी वर्तुळं. तुमच्या चौकटीत ती एकच गोष्ट असल्यासारखी लिहिली होती. माझ्याकडं कुणी डार्क सर्कल म्हणून आलं की मी आधी खुर्ची खिडकीपाशी ओढते, कारण ट्यूबलाइटखाली सगळेच आजारी दिसतात. हातात आरसा देते आणि हनुवटी वर करून उजेडाकडं बघायला लावते. काळेपणा गायब झाला तर ती नुसती सावली, डोळ्याखाली खळगा पडलाय त्याची. ती पुसणारं क्रीम अजून निघालेलं नाही, ते मी तिथंच सांगून टाकते आणि माझं गिऱ्हाईक घालवते. मग त्वचा बोटानं हलकी ताणायची. रंग तसाच राहिला तर तो त्वचेतलाच रंग. ताणल्यावर निळसर-जांभळं जास्त दिसायला लागलं तर पातळ त्वचेखालच्या रक्तवाहिन्या दिसतायत. बहुतेकींचं दोन्ही मिळून असतं. मग विचारायचं, आईचे डोळे असेच होते का? सकाळी उठल्या उठल्या शिंका येतात का, डोळे खाजतात का? पाळीत अंगावरून जास्त जातं का? चष्म्याचा नंबर तपासून किती वर्षं झाली? यातलं एकही लिंबानं सुटत नाही.

आईचे डोळे असेच होते का, हा प्रश्न मी उगाच विचारत नाही. माझी अम्मा बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कातरलेली पानं, दिवसाला हजाराचा हिशेब. तंबाखूचा हात डोळ्याला लागू नये हे तिलाही कळत होतं, पण घाम आला, माशी बसली की हात वर जायचाच. तिच्या डोळ्यांखाली मी काळं पाहिलं ते कळायला लागल्यापासून. माझा कोर्स झाला तेव्हा पहिला प्रयोग तिच्यावरच. बटाट्याच्या चकत्या, बदामाचं तेल, पहिल्या कमाईतून आणलेलं महागाचं क्रीम, सगळं केलं. "तुला शिकायचंय ना, लाव," म्हणायची आणि डोळे मिटून पडायची. बहुतेक झोपायचीच, तेवढाच तिला आराम. पुढं चक्कर येते म्हणून दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांनी पहिलं काम काय केलं? अंगठ्यानं तिची खालची पापणी खाली ओढली आणि आत पाहिलं. आत लाल असायला हवं, ते कागदासारखं पांढरं. हिमोग्लोबिन सात. सहा महिने मी पापणीची बाहेरची बाजू बघत होते, त्यांनी आतली बघितली. लोहाच्या गोळ्या चालू झाल्यावर काळं पूर्ण गेलं असं म्हणणार नाही, तो तिचा रंगच होता, पण चेहरा उजळला. मेलेल्या माणसासारखं दिसायची ते थांबलं.

तेव्हापासून माझ्या पार्लरमध्ये फेशियलच्या आधी खालची पापणी ओढून बघायची पद्धत आहे. मी डॉक्टर नाही. पांढरं दिसलं तर एवढंच म्हणते, आधी रक्त तपासून या, फेशियल कुठं पळून जात नाही.

आता ट्यूबचं लिहिते, ज्यासाठी खरं तर पेन हातात घेतलं.

साधारण २००६ पासून पाच-सहा वर्षं माझ्या कपाटात एक बरणी असायची. कोल्ड क्रीममध्ये मेडिकलमधून आणलेली एक ट्यूब पिळायची, थोडं गुलाबपाणी, घोटायचं, छोट्या डब्यांत भरायचं. स्पेशल क्रीम. हे मला एका सीनियर ब्यूटीशियनबाईंनी शिकवलं होतं आणि त्या वेळी आमच्यातल्या कितीतरी जणी करायच्या. त्या ट्यूबमध्ये बीटामेथासोन होतं. स्टेरॉइड. मला नाव वाचता येत होतं, अर्थ माहीत नव्हता, आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नव्हती, कारण क्रीम चालत होतं. चार दिवसांत चेहरा गोरा, वांग फिकं, डोळ्यांखालचं काळं कमी. बायका मैत्रिणींना घेऊन यायच्या.

ते का चालतं हे आता मला ठाऊक आहे. स्टेरॉइडनं रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून पांढरं दिसतं. सूज, लाली दबते. रंग तयार करणाऱ्या पेशी मंदावतात. हळूहळू त्वचा विरायला लागते, जुन्या धोतरासारखी. लावणं थांबवलं की आग होते, लाल होतं, पुरळ उठतं, म्हणून बाई परत लावते आणि म्हणते, हेच क्रीम मला सूट होतं बघा. पापणी इतकी पातळ की बाकीच्या चेहऱ्यापेक्षा तिथून औषध आत जास्त जातं. आणि तिथून डोळा किती लांब?

एक शिक्षिका होत्या. माझ्याकडून त्यांनी ते क्रीम अडीच वर्षं नेलं, रोज रात्री डोळ्यांखाली आणि पापण्यांवर लावलं. मी पापण्यांवर लावू नका असं सांगितलं नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांभोवतीची त्वचा चुरगळलेल्या कागदासारखी झाली, लाल केसांसारख्या रेघा दिसायला लागल्या. वय झालं असेल म्हणून आम्ही दोघींनीही सोडून दिलं. पुढं चष्मा बदलायला गेल्या तेव्हा डोळ्यातला दाब मोजला, तो २८ निघाला. १० ते २१ च्या आत हवा. डॉक्टरांनी तीन वेळा विचारलं, डोळ्याला काय लावता? तिसऱ्यांदा त्यांना माझी डबी आठवली.

त्या पार्लरमध्ये आल्या तेव्हा दोन गिऱ्हाइकं बसलेली होती. त्या काही बोलल्या नाहीत. पर्समधून डबी काढली, माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "हे काय आहे, एवढंच सांगा. डॉक्टरांना नाव पाहिजे." मी आत जाऊन रिकामी ट्यूब आणून दिली. क्रीम बंद केलं, थेंब चालू झाले, काही महिन्यांनी दाब खाली आला. काचबिंदू होता होता वाचला. त्वचा मात्र पूर्वीसारखी झाली नाही. ती बरणी मी त्याच दिवशी फेकली. पण आधी नेलेल्या डब्या? किती गेल्या, कुणाकडं गेल्या, मी कधी लिहून ठेवलं नव्हतं. आठवतील तेवढ्या घरांत जाऊन सांगून आले. काही जणींनी तोंडावर विचारलं, "बंद का केलं, भाव वाढवायचाय का?"

२०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशा चौदा स्टेरॉइड मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची सूट काढून घेतली. कागदावर चांगलं झालं. मी मागच्या महिन्यात मुद्दाम माझ्या पुतणीला तीन मेडिकल दुकानांत पाठवलं, गोरेपणाची ट्यूब द्या म्हणून. दोन ठिकाणी विनाचिठ्ठी मिळाली. एकावर मोमेटासोन (हेही स्टेरॉइडच), हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनोइन असं तिन्ही एकत्र लिहिलेलं. हे वांगावरचं औषध आहे, डॉक्टरांनी बघून ठराविक आठवडे द्यायचं. दुकानदारानं पुतणीला सांगितलं, "डोळ्याखाली पण लाव, काय होत नाही." तिसऱ्या दुकानात काउंटरवर वयस्कर काका होते, त्यांनी तिला हाकलून दिलं. तुमच्या पुरवणीत चौकट छापायचीच असेल तर त्या काकांची मुलाखत छापा.

दाढी-मिश्या आणि भुवया एकाच वाटीत रंगवणाऱ्यांसाठी एक ओळ. केसांच्या काळ्या रंगाचं खोकं घरात असेल तर भिंगानं वाचा. भुवया किंवा पापण्यांच्या केसांना लावू नये, आंधळेपण येऊ शकतं, असं त्यावर लिहिलेलं असतं. ते कायद्यानं लिहावं लागतं. तरीही लग्नसराईत रोज एक तरी वरमाई म्हणते, "डाय उरलाय ना, भुवयांवर फिरव की." मी नाही फिरवत. पेन्सिल फिरवते.

पापणीच्या आतल्या कोपऱ्याजवळ पिवळसर चपटे चट्टे येतात, ते जाळून द्या म्हणून येणाऱ्याही असतात. ते साठलेल्या चरबीचे. असे चट्टे असणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं कोलेस्टेरॉल नॉर्मल निघतं, पण बऱ्याच जणांचं निघत नाही. म्हणून आधी रक्त, मग स्किनचे डॉक्टर. पार्लरमध्ये तिथं ॲसिड लावून घेऊ नका, कुणी फुकट लावलं तरी. रोज सकाळी डोळे सुजून उठत असाल आणि पायही सुजत असतील तर लघवी तपासा, बर्फ फिरवत बसू नका. बिनलेबलच्या गोऱ्या करणाऱ्या डब्यांत पारा असू शकतो, त्यानं मूत्रपिंड जातं. यावर लिहायला गेले तर अजून एक पत्र होईल.

मग तुम्ही पार्लरमध्ये डोळ्यांचं करता तरी काय, असं कुणीही विचारेल. थोडंच करतो. वीस मिनिटं, दोनशे रुपये. आदल्या दिवशी कानामागं क्रीमचा ठिपका लावून पाठवते. काजळ-मस्कारा काढताना ओला कापूस पापणीवर ठेवून वीस आकडे मोजायचे, मग एकदाच खाली ओढायचा, घासायचं नाही. वाफ देताना डोळ्यांवर कापसाच्या चकत्या. ब्लीच डोळ्यांच्या जवळपास नाही, कितीही भांडा. थ्रेडिंगच्या वेळी गिऱ्हाइकानं दोन्ही हातांनी पापणी आणि कपाळ ताणून धरलंच पाहिजे, मोबाईल बाजूला. जेल तांदळाच्या दाण्याएवढं, आणि तेही डोळ्याखालच्या हाडावर ठिपके देऊन, पापणीच्या केसांपर्यंत न्यायचं नाही. ते लावायचं करंगळीशेजारच्या बोटानं. कोर्समध्ये बाई सांगायच्या, देवाला ज्या बोटानं गंध लावता तेच बोट, त्याला जोर कमी असतो. मसाज म्हणून जे रगडतात तो प्रकार मी बंद केला, नुसतं थोपटते.

आणि उपयोग किती? गार जेलनं आणि त्यातल्या कॅफीननं सूज उतरते, संध्याकाळपर्यंत. कोरडेपणाच्या बारीक रेघा दोन-चार दिवस मऊ राहतात. याच्यापुढं मी शब्द देत नाही. सुरकुत्यांसाठी रेटिनॉलचं क्रीम कुणाला हवंच असेल तर आठवड्यातून दोनदा, हाडावर, आणि पोटात बाळ असेल तर अजिबात नाही. माझ्या मते सगळ्यात जास्त काम करतात ती दोन साधनं माझ्याकडं विकत मिळत नाहीत. एक मोठ्या काचांचा गॉगल आणि दुसरी साडीचा पदर. त्याच्या जोडीला झिंक ऑक्साइडचं पांढरं सनस्क्रीन लावलं तर डोळ्यात गेल्यावर झोंबतही कमी.

संपादक साहेब, माझी विनंती एवढीच. ती चौकट ज्या पानावर, ज्या आकारात छापलीत, त्याच पानावर, त्याच आकारात दुरुस्ती छापा. आतल्या पानात तळाला दोन ओळी नकोत, चौकट वाचणारी बाई तिथपर्यंत जात नाही. आणि पुढं असं काही छापायचं असेल तर एकदा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. सोलापुरात डॉक्टरांची कमी नाही, अर्ध्या जिल्ह्याचे आणि सीमेपलीकडचे पेशंट इथंच येतात. त्याच पानावर खाली "सात दिवसांत गोरेपणा" अशी जाहिरात होती, तिचे पैसे तुम्हाला मिळतात हे मला कळतं. मलाही बरणीचे मिळत होते.

पत्र फार लांबलंय. जागा नसेल तर टॉवेलचा भाग कापा, अम्माचाही कापा, ट्यूबचा तेवढा ठेवा. माझं नाव छापू नका. माझ्या अब्रूसाठी म्हणत नाही, नावावरून पेठेतले लोक त्या शिक्षिकाबाईंना ओळखतील म्हणून. त्या अजून येतात माझ्याकडं, फक्त भुवया करायला. पोस्टात टाकायच्या आधी काल त्यांना हे सगळं वाचून दाखवलं. मी 'दोन वर्षं' लिहिलं होतं, त्यांनी खोडायला लावून 'अडीच' करून घेतलं.

आपली,
एक ब्यूटीशियन
साखर पेठ, सोलापूर